पावसाळी भिंतीला फायबर सिमेंटच्या फळ्या: निवडीपासून पाइपाच्या चाचणीपर्यंत

कोकणात घराच्या नैऋत्येकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंतीला मे महिन्यात झाप, ताडपत्री नाहीतर पत्रा बांधायचा आणि पाऊस सरला की सोडायचा, हा पुष्कळ घरांचा ठरलेला नेम. हल्ली त्याऐवजी फायबर सिमेंटच्या फळ्या कायमच्या बसवून घेतात. कल्पना चांगली आहे, पण बसवताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्याच: फळी थेट गिलाव्यावर ठोकायची, खालून-वरून सिलिकॉन भरून सगळं बंद करायचं, कापलेल्या कडा कोऱ्या सोडायच्या. मग दोन पावसाळ्यांत भिंत आतून पूर्वीपेक्षा जास्त ओली होते आणि दोष बोर्डाला लागतो.

फळी सगळं पाणी अडवते हे आधी डोक्यातून काढा. झडीचं बहुतेक पाणी ती बाहेरच परतवते. थोडं सांध्यांतून, खिडकीच्या कडेने आत शिरतंच. त्या पाण्याला खाली उतरायला वाट आणि मागच्या भिंतीला वाळायला हवा ठेवणं हे खरं काम. पुढचे टप्पे तळमजला किंवा एक मजली घरासाठी, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) वा विटांच्या भिंतीसाठी आणि एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्यांसाठी आहेत. त्याहून उंच इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय हात घालू नका.

टप्पा १: ओल कुठली आहे ते ओळखा

तिरका पाऊस लागला की काही तासांत भिंतीच्या मधोमध किंवा खिडक्यांभोवती डाग उमटतात आणि उघडीप मिळाली की सुकतात. ही झडीची ओल, आणि फळ्यांचा उपाय फक्त हिच्यासाठी.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बारमाही ओल, वर पांढरं मीठ, गिलाव्याचे पोपडे असं दिसलं तर ती जोत्यातून चढलेली ओल. छताला लागून डाग असतील तर गच्ची, पन्हळ किंवा छज्जा बघा. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर पाइप तपासा. या तिन्हींवर फळ्या मारल्या तर दुखणं फक्त झाकलं जातं.

खात्री नसेल तर खोलीच्या आतल्या बाजूने फूटभर पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या मागे असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट वाफ आहे, तिला खिडकी उघडणं पुरतं.

टप्पा २: दुकानात काय मागायचं

नुसतं "सिमेंट बोर्ड द्या" म्हणालात तर चार वेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही हातात पडेल. फॉल्स सीलिंगचा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड बाहेरच्या पावसासाठी नसतो. लाकडाचा भुसा आणि सिमेंट दाबून केलेला पार्टिकल बोर्ड हा वेगळा माल, त्याचं मानक वेगळं. अॅस्बेस्टॉसच्या सपाट पत्र्याला आयएस (भारतीय मानक) २०९६ हे मानक आहे, तो घ्यायचाच नाही. आपल्याला हवा तो आयएस १४८६२ चा, आणि त्यातही टाइप ए, म्हणजे उघड्यावर ऊन-पाऊस सोसणारा. टाइप बी घराच्या आतल्या कामाचा. छाप बोर्डावर नसेल तर कंपनीचं तांत्रिक पत्रक मागा. तेही नसेल तर दुसरं दुकान गाठा.

जाडी ८ ते १० मिमी. रुंदी साधारण २०० मिमी. लांबी मात्र मिलिमीटरमध्येच विचारा. "दहा फुटी" म्हणून विकली जाणारी फळी पुष्कळदा ३००० मिमीची असते आणि खरे दहा फूट होतात ३०४८ मिमी. हे ४८ मिमी पुढे आखणीत कसे नडतात ते पुढच्या टप्प्यात येईल.

नमुन्याचा तुकडा मिळाला तर दिवसभर बादलीत बुडवून ठेवा. कडेला थर सुटायला लागले किंवा नखाने पापुद्रा निघाला तर तो माल घेऊ नका.

> तपासणी: सगळ्या फळ्या एकाच बॅचच्या आहेत ना? जाडीत थोडा फरक असला तरी सांध्यावर पायरी दिसते.

टप्पा ३: आधी कागदावर आखणी, मग खरेदी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. चौरस फूट मोजतात, दहा टक्के वाढवतात आणि टेम्पो भरतात. मग सांधे हवेत लटकतात, वरची शेवटची ओळ चार बोटांची निघते आणि तुकड्यांचा ढीग उरतो.

एक भिंत घेऊ: लांबी २० फूट म्हणजे ६०९६ मिमी, आणि फळ्यांनी झाकायची निव्वळ उंची ३ मीटर. फळी ३००० बाय २०० मिमी.

उंची आधी. वरची फळी खालच्या फळीवर किमान ३२ मिमी चढली पाहिजे. म्हणजे पहिली फळी २०० मिमी उंची झाकते आणि पुढची प्रत्येक १६८. सतरा ओळींत २८८८ मिमी होतात, म्हणजे कमी. अठरा ओळींत ३०५६, म्हणजे ५६ मिमी जास्त. इथे शेवटची फळी उभी चिरत बसू नका. ओव्हरलॅप ३२ ऐवजी ३५ मिमी करा, की अठरा ओळींची उंची ३००५ मिमी होते. उरलेले पाच मिमी वरच्या कडेने घासून निघतात. ओव्हरलॅप वाढवायला हरकत नाही, कमी करायचा नाही.

आता लांबी. दोन फळ्या मिळून ६००० मिमी, भिंत ६०९६. प्रत्येक ओळीला ९६ मिमीचा तुकडा जोडणं म्हणजे वेडेपणा. दोन्ही कोपऱ्यांना ७५ मिमी रुंदीची उभी पट्टी घेतली तर मध्ये ५९४६ मिमी उरतात. आता दोन फळ्या आरामात बसतात, थोड्या कापाव्याच लागतात. कोपरापट्टीशी ३ मिमी आणि मधल्या सांध्याला ३ मिमी फट सोडली की प्रत्येक फळी २९६८ मिमीची.

एका ओळीचा सांधा लगेच वरच्या ओळीच्या सांध्यावर येऊ नये. म्हणून विषम ओळीत दोन पूर्ण फळ्या, सम ओळीत अर्धी, पूर्ण, अर्धी. दोन अर्ध्या एकाच फळीतून निघतात, म्हणून दर ओळीला दोनच फळ्या लागतात: १८ ओळींना ३६, अधिक मोडतोडीला चार, एकूण ४०.

फळ्या ज्यावर बसतात त्या मागच्या चौकटीच्या उभ्या पट्ट्याही याच हिशेबातून निघतात. ५९४६ चे सोळा समान भाग केले की एक भाग साधारण ३७२ मिमी. म्हणजे सतरा पट्ट्या, आणि मधला सांधा असो की पाव अंतरावरचा, प्रत्येक सांध्यामागे पट्टी हजर. कोपरापट्टीच्या मागे आधाराची पट्टी वेगळी धरा. बऱ्याच कंपन्या ६०० मिमीपर्यंत अंतर चालवतात, पण किनाऱ्याच्या वाऱ्याला मी ४०० च्या वर जात नाही. खिडकी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना जादा पट्टी काढा.

> इशारा: चौकट आधी ठोकून मग "सांधे येतील तिथे बघू" म्हणणारा कारागीर नको. सांध्यामागे पट्टी नसेल तर फळीचं टोक वाऱ्याने फडफडतं आणि तिथून तडकतं.

टप्पा ४: हंगाम आणि साठवण

फायबर सिमेंट ओलं झालं की किंचित फुगतं, वाळलं की आक्रसतं. ओल्या फळ्या घट्ट भिडवून बसवल्या तर उन्हाळ्यात फटी रुंदावतात. म्हणून काम दिवाळीनंतर, भिंतीला महिनाभर ऊन मिळू देऊन. ऑक्टोबरमध्ये भिंत अजून ओलीच असते. मेअखेरीस सुरू केलेलं काम हमखास पावसात सापडतं.

माल सपाट जागेवर, दोन-दोन फुटांवर लाकडी ठोकळे ठेवून, वरून ताडपत्रीने झाका. भिंतीला तिरक्या टेकवलेल्या फळ्यांना बाक येतो. उचलताना फळी दोघांनी कडेवर उभी धरायची. आडवी धरली तर मधोमध मोडते.

टप्पा ५: भिंतीची तयारी

सैल गिलावा ठोकून काढा, पुन्हा लावा, सुकू द्या. भेगा क्रॅक फिलरने भरा. शेवाळ तारेच्या ब्रशने घासून धुवा. त्यावर बाहेरच्या भिंतीसाठीचा अॅक्रिलिक वॉटरप्रूफ कोट दोन हात. फळ्यांमागे शिरलेलं पाणी शेवटी याच थरावरून ओघळणार आहे.

इथे काही ठेकेदार सबंध भिंतीला काळं प्लास्टिक गुंडाळून देतात. ते करू देऊ नका. प्लास्टिक पाणी अडवतं, पण भिंतीतली वाफही कोंडून धरतं, आणि तिला मग आतल्या खोलीकडेच वाट उरते. कापड लावायचंच असेल तर वाफ बाहेर सोडणारं.

बाहेरचे दिवे, मीटरची केबल, एसीचे पाइप, नळ यांच्या जागा आत्ता ठरवा. एसीच्या बाहेरच्या युनिटचा ब्रॅकेट भिंतीत पक्का करायचा, फळीवर कधीच नाही.

टप्पा ६: चौकट

फळ्या आडव्या, म्हणून पट्ट्या उभ्या. दोन पट्ट्यांमधून हवा खालून वर जाते आणि पाणी वरून खाली येतं. भिंत आणि फळी यांच्यात किमान २५ मिमी पोकळी हवी. उभे बोर्ड लावायचे म्हणून कोणी पट्ट्या आडव्या ठोकल्या, तर प्रत्येक पट्टी हवेची वाट बंद करते. तिथे आधी उभ्या आणि त्यावर आडव्या, असे दोन थर लागतात.

पट्टी गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची (जीआय), १.२ मिमी किंवा अधिक जाड. फॉल्स सीलिंगचं पातळ सेक्शन स्क्रू धरत नाही. काळ्या लोखंडाच्या नळीला रेड ऑक्साइड मारून देणारे पुष्कळ भेटतील. किनाऱ्यावर त्या नळीचा गंज रंगातून खाली ओघळायला वेळ लागत नाही. जीआयचंही कापलेलं टोक उघडं पडतं, त्यावर झिंकचा रंग मारायचा. लाकडी पट्टी वाळवीला आमंत्रण. सांध्यामागची पट्टी दर्शनी बाजूने किमान ५० मिमी रुंद हवी, कारण तिथे दोन फळ्यांचे स्क्रू बसायचे असतात.

चिऱ्याच्या भिंतीत पकड हा खरा प्रश्न आहे. जांभा सच्छिद्र असतो. काही जागी ड्रिल लोण्यासारखं आत जातं, काही जागी पोकळी लागते. चिऱ्यांमधल्या मसाल्याच्या सांध्यात प्लग ठोकू नका, चिऱ्याच्या मध्यावर ठोका. गिलावा सोडून किमान ५० मिमी प्लग चिऱ्यात गेला पाहिजे. सगळं काम सुरू करण्याआधी तीन वेगवेगळ्या जागी एकेक ब्रॅकेट लावून पहारीने ओढून बघा. हलला तर लांब प्लग किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला त्या ब्लॉकसाठीचेच प्लग लागतात, साधे नाहीत.

जुनी भिंत ओळंब्यात नसतेच. दोन्ही टोकांच्या पट्ट्या आधी ओळंब्याने उभ्या करा, त्यांच्यामध्ये वर-मध्ये-खाली अशा तीन दोऱ्या ताणा आणि मधल्या पट्ट्या दोरीला आणा. एल ब्रॅकेट असेल तर पट्टी पुढे-मागे सरकवता येते. थेट भिंतीवर लावत असाल तर मागे प्लास्टिकच्या चकत्या द्या, लाकडाच्या चिपा नकोत, त्या कुजतात.

वारा सपाट भिंतीला ढकलतो, पण कोपऱ्याला आणि वरच्या कडेला तो ओढतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा किती पत्रे उडाले ते त्या भागातल्या लोकांना सांगायला नको. म्हणून भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांपासून मीटरभर अंतरात पट्टीवरचे अँकर जवळ जवळ घ्या.

> तपासणी: सहा फुटी सरळ पट्टी चौकटीवर आडवी फिरवा. मागे ३ मिमीहून जास्त उजेड दिसला तर आत्ताच दुरुस्त करा. फळ्या लागल्यावर सकाळच्या तिरक्या उन्हात तीच लाट दिसते.

टप्पा ७: तळ आणि खिडक्या

फळ्यांची खालची कड मातीपासून किमान १५० मिमी वर, फरशी किंवा ओट्यापासून किमान ५० मिमी वर. अंगणातल्या पावसाचे शिंतोडे लाल मातीसकट उडतात, त्यामुळे कोकणात मी ही अंतरं वाढवूनच घेतो.

तळाच्या पोकळीला गंज न लागणारी बारीक जाळी लावा. जाळी विसरलात तर पोकळीत पाली, उंदीर, गांधीलमाशा आणि एखादवेळी साप बिऱ्हाड करतात. वर छताखाली १० ते १५ मिमी फट ठेवा. खालून उघडी आणि वरून बंद पोकळी काही कामाची नाही.

खिडकीच्या वर, छज्जा नसेल तर, बाहेरच्या बाजूला उतार असलेली पत्र्याची झाकपट्टी बसवा. तिची मागची कड भिंतीवर चढलेली आणि गिलाव्याला सीलंटने बंद केलेली हवी. झाकपट्टी आणि तिच्या वरची फळी यांच्यात ६ मिमी फट ठेवा आणि ती भरू नका. खिडकीचा उंबरा फळीच्या पुढे आलेला हवा, नाहीतर त्याच्यावरचं पाणी थेट पोकळीत उतरतं.

टप्पा ८: कापणी

मार्बल कटर आणि डायमंड ब्लेड चालतं, पण त्याने उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क हवा. कापणी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, बाकीच्यांपासून लांब. पाण्याची धार सोडून कापलं तर धूळ बसते, मात्र फळी पुन्हा पूर्ण वाळवून मगच लावायची, आणि पाणी-वीज जवळ म्हणून यंत्राची वायर व अर्थिंग आधी बघायचं. झाडू मारू नका, पाणी शिंपडून गोळा करा.

दर्शनी बाजू खाली ठेवून कापा, म्हणजे कड तुटली तर मागच्या बाजूला तुटते.

> इशारा: कापलेली प्रत्येक कड बसवण्याआधी प्राइमरने रंगवा. फळी लागल्यावर ब्रश तिथे पोचत नाही. पाणी याच कोऱ्या कडेतून चढतं आणि पहिला पापुद्रा तिथेच सुटतो.

टप्पा ९: फळ्या चढवणे

आधी कोपरापट्ट्या. मग तळाला, पहिल्या फळीच्या मागे, फळीइतक्याच जाडीची सुरुवातपट्टी. ती नसेल तर पहिली फळी भिंतीला चिकटून उभी राहते आणि वरच्या सगळ्या तिरक्या दिसतात. सुरुवातपट्टी वॉटर लेव्हलने पातळीत घ्या. जमिनीवरून मोजू नका, अंगण कधीच सपाट नसतं.

पहिली फळी लावा. स्क्रू वरच्या कडेपासून २५ मिमी खाली, म्हणजे वरच्या फळीखाली लपतो. प्रत्येक पट्टीवर एक स्क्रू. फळीच्या टोकापासून किमान १२ मिमी अंतर. भोक आधी पाडा, स्क्रूपेक्षा एक मिमी मोठं, म्हणजे फळीला थोडी हलायला जागा मिळते. स्क्रूचं डोकं फळीशी सपाट झालं की थांबा. ड्रिल मशीन पूर्ण जोरात लावून डोकं आत रुतवलं तर ती जागा फुटलीच समजा, बाजूला दुसरा स्क्रू द्या. समुद्राजवळ स्क्रू स्टेनलेस स्टील ३१६ चे. साध्या स्क्रूने थोडे पैसे वाचतात आणि भिंतीभर तपकिरी ओघळ उमटतात.

पुढच्या ओळींना दर वेळी टेप लावू नका. लाकडाच्या दोन खाच पाडलेल्या ठोकळ्यांवर १६५ मिमी दर्शनी भाग कायम करून घ्या आणि फळी त्यांवर टेकवा. दर चौथ्या ओळीला पातळी तपासा. दोन-तीन मिमीची चूक पुढच्या ओळींत वाटून टाकता येते, दहाव्या ओळीला कळली तर नाही. कोपऱ्याजवळच्या टोकांना आणि वरच्या तीन-चार ओळींना खालच्या कडेलाही स्क्रू द्यायचा का, ते कंपनीच्या वाऱ्याच्या तक्त्यात बघा.

सांध्याला ३ मिमी फट, आणि तिच्या मागे रंग दिलेल्या ॲल्युमिनियमची पट्टी, खालच्या फळीच्या वर येईल अशी. सांध्यातून शिरलेलं पाणी तिच्यावरून पुन्हा बाहेर पडतं. एकट्या सीलंटवर विसंबण्यापेक्षा ही पट्टी टिकाऊ.

परांची भिंतीला टेकवून नका बांधू. बांबूची टोकं फळ्यांना लागतात आणि भोकं बुजवायची राहतात.

टप्पा १०: सीलंट आणि रंग

सीलंट फक्त कोपरापट्टीच्या, खिडकीच्या उभ्या कडांना आणि पाइपांच्या भोकांना. पॉलियुरेथेन किंवा रंग धरणारं घ्या. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. फळीवर फळी चढते त्या आडव्या रेषेत सीलंट भरू नका, ती पाणी बाहेर टाकायची वाट आहे. कामाच्या शेवटच्या दिवशी हौशी रंगारी नेमकं तेच भरतो. तिथे उभे राहा.

रंग शंभर टक्के अॅक्रिलिक, बाहेरचा, दोन हात, खाली क्षार सोसणारा प्राइमर. पहिल्या पावसाआधी झालाच पाहिजे.

टप्पा ११: पाइपाने चाचणी, मग शेवटचं बिल

बागेच्या पाइपाने खालच्या ओळींपासून सुरू करून हळूहळू वर जात, प्रत्येक भागावर दहा मिनिटं तिरकं पाणी मारा. एक माणूस आत खिडकीपाशी उभा करा. तळाच्या जाळीतून थोडं पाणी ठिबकलं तर घाबरू नका, ते तसंच यायला हवं. आतल्या भिंतीवर किंवा खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात ओल दिसली तर गळती पाइप त्या क्षणी होता त्याच उंचीवर शोधा. बहुधा वरची झाकपट्टी निघते. हे पैसे पूर्ण चुकते करायच्या आधी करा.

उरलेल्या तीन-चार फळ्या आणि रंगाचा कोड सांभाळून ठेवा, तीच छटा पुढे मिळेल याचा भरवसा नसतो. दर मे महिन्यात तळाच्या जाळीतला पालापाचोळा काढा आणि सीलंटच्या कडा बघा. धुताना प्रेशर वॉशर खालून वर मारू नका, पाणी ओव्हरलॅपमधून आत ढकललं जातं. साधा पाइप, मऊ ब्रश, वरून खाली.